आजीला विचारलं का?

रात्रीचे पावणेतीन. मी बेल दाबली. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं... कोणी येईना. आजीच्या सलाइनची बाटली तळाला आलेली आणि ती संपली की नळीतून हवा जाते, मग माणूस संपतो, वगैरे सिनेमाछाप ज्ञान माझ्या डोक्यात गच्च भरलेलं. बाराव्या मिनिटाला मी तरातरा नर्सिंग स्टेशनवर गेलो. तिथं चिटपाखरू नाही. तेवढ्यात शेजारच्या रूममधून सिस्टर बाहेर आल्या. आपण कॉल सेंटरवाल्यांना झापतो ना, अगदी त्याच टोनमध्ये मी म्हणालो, "एक्सक्यूज मी, बारा मिनिटं झाली बेल वाजवून! पैसे भरतो आम्ही इथे."

सिस्टर काही बोलल्या नाहीत. हातमोजे काढून डब्यात टाकले, हात धुतले, आमच्या रूममध्ये येऊन सलाइन बदललं आणि जाता जाता शांतपणे म्हणाल्या, "शेजारच्या बाबांचं अंथरूण खराब झालं होतं. त्यांना तसंच ठेवून आले असते, तर तुमची बेल दुसऱ्याच मिनिटाला ऐकली असती."

खल्लास! पुढचा अर्धा तास मी मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसलो. वाचत काहीच नव्हतो.

पण ही गोष्ट माझी नाही, आजीची आहे. माझं आजोळ विंचूर. निफाड तालुक्यातलं. लासलगावच्या कांद्यामुळे तुम्हाला लासलगाव माहीत असतं, वाईन पार्कमुळे हल्ली काहींना विंचूरही माहीत असतं. फेब्रुवारीत, ऐन द्राक्षांच्या काढणीत, आजी मोरीत पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. निफाड, चांदोरी करत गाडी नाशिकला आली आणि दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. आता सोबतीला कोण राहणार? मामा दिवसा येऊन-जाऊन. मामीला बागेतल्या मजुरांचं बघायचं. आईला शाळेत प्रॅक्टिकल्सची ड्युटी. मग सगळ्यांची नजर माझ्याकडे वळली. मी फ्रीलान्सर. आणि फ्रीलान्सर म्हणजे घरच्यांच्या भाषेत रिकामा! शिवाय "रात्री औषध-बिवषध आणायला पळावं लागलं तर पोरगाच बरा," असं सर्वानुमते ठरलं. मुंबईहून लॅपटॉप घेऊन मी नाशिकला हजर.

आजीला कोण बरं, हे अर्थातच कुणी आजीला विचारलं नाही.

मामांचा घोळ

ऑपरेशन झकास झालं. डॉक्टर खूश, आम्ही खूश. पण लघवीची नळी काढल्यापासून आजी बिघडली. पाणी पिईना. नारळपाणी आणलं, नको. सरबत, नको. चहा, जो ती दिवसातून पाच वेळा पिते, तोही नको. तिसऱ्या दिवशी संध्याकाळपासून ती असंबद्ध बडबडायला लागली. मला आजोबांच्या नावाने हाक मारली, कांद्याच्या चाळीला कुलूप लावलं का विचारलं. वयाच्या मानाने असं होतं, असं कोणीतरी म्हणालं. आम्ही माना डोलावल्या.

बडबडीत एक वाक्य मात्र पुन्हा पुन्हा यायचं. "मामाला बोलवू नको." आता झाली का पंचाईत! मामाने ते ऐकलं आणि त्याचा चेहराच पडला. कॉरिडॉरमध्ये मला बाजूला घेऊन म्हणाला, "बागेच्या कर्जावरनं मागं बोललो होतो मी आईला. तेच धरून बसली असणार." साठीला आलेला माझा मामा, लिफ्टपाशी उभा राहून डोळे पुसत होता.

पावणेतीनच्या त्या बेलनंतर, चारच्या सुमारास सिस्टर पुन्हा आल्या. बीपी, नाडी, टेंपरेचर. मग पलंगाच्या पायथ्याशी लावलेला कागद हातात घेतला. इनटेक-आउटपुट चार्ट. पोटात किती गेलं, बाहेर किती आलं, मिलिलिटरमध्ये. तीन दिवस तो कागद माझ्या डोळ्यांसमोर लटकत होता आणि मी त्याकडे बिलाइतकंही लक्ष दिलं नव्हतं. सिस्टरनी आकडे पाहिले, आजीची जीभ पाहिली, ड्युटी डॉक्टरांना फोन लावला. मग मला म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर थांबा."

पडदा ओढल्याचा आवाज आला. मी बाहेर. आत हळू आवाजात बोलणं चाललेलं. दहा मिनिटांनी सिस्टर बाहेर आल्या.

"आजींना मामा नको आहेत."

"माहितेय सिस्टर," मी म्हणालो. "घरचा जरा मॅटर आहे. बागेच्या कर्जावरनं..."

सिस्टर हसल्या. "तुमचे मामा नाही हो. आमचे मामा!"

ट्यूब पेटली का? हॉस्पिटलमधल्या वॉर्डबॉयना सगळे 'मामा' म्हणतात आणि आयांना 'मावशी'. बेडपॅन घेऊन यायचे ते मामा. आणि त्या वेळी रूममध्ये कोण, तर जन्मापासून जिने अंगाखांद्यावर खेळवला तो नातू. त्या माउलीने साधा हिशोब केला होता. पाणी प्यायलं की लघवी लागणार, लागली की परका पुरुष येणार. मग पाणीच नको! सिस्टरना ती म्हणाली होती, "सत्तर वर्षांत डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही बाई, आता ह्या वयात हे काय माझं मांडलंय?"

तीन दिवसांत एक सर्जन, एक भूलतज्ज्ञ, दोन ज्युनियर डॉक्टर, एक मामा, एक मी आणि व्हॉट्सॲप ग्रुपवरचे बावीस नातेवाईक आजीच्या तब्येतीवर बोललो होतो. आजीशी कुणीच बोललो नव्हतो.

त्यानंतर काय झालं, तर फार काही नाही. एक मावशी आल्या. पडदा. नेहमीच्या उंच बेडपॅनऐवजी सपाट, म्हणजे मोडलेल्या खुब्याला त्रास कमी. मामीने पिशवीत एक जुनं सुती पातळ घातलं होतं. सिस्टरनी ते अर्धं दुमडून हॉस्पिटलच्या गाऊनवरून आजीच्या डोक्यावर पदरासारखं घेतलं. सकाळी सहाला आजीने दोन ग्लास पाणी आणि एक कप चहा घेतला, वर चहा फुळकवणी आहे म्हणून मला सुनावलं. डॉक्टरांनी औषधांत बदल केला, सलाइन चालू होतंच. संध्याकाळपर्यंत बडबड बरीच कमी झाली. आणि मामाला जेव्हा खरा प्रकार सांगितला, तेव्हा तो इतका हसला की लिफ्टमधली माणसं वळून बघायला लागली.

लाल पेनातली ओळ

तुम्ही म्हणाल, सिस्टर प्रेमळ होत्या. होत्या ना! पण मला जे खरं शिकायला मिळालं ते सकाळी आठ वाजता. ड्युटी बदलायची वेळ. रात्रीच्या सिस्टर, सकाळच्या सिस्टर, दोघी आजीच्या पलंगापाशी उभ्या. रात्रीच्या सिस्टरनी आधी आजीचं पूर्ण नाव घेतलं. मग सांगितलं की किती पाणी गेलं, लघवी किती झाली, डॉक्टरांना किती वाजता कळवलं, दर दोन तासांनी कूस बदलायची, वळवताना दोन पायांमध्ये उशी. आणि शेवटी, "बेडपॅनला फक्त मावशी. पडदा लावायचा. नातेवाईक बाहेर." हे फाइलवर लाल पेनाने लिहिलेलंही होतं. सकाळच्या सिस्टरनी ते परत म्हणून दाखवलं, आजीला नमस्कार केला, झालं. चार-पाच मिनिटांचा खेळ.

आपणही ऑफिसात हँडओव्हर देतो. 'प्लीज फाइंड अटॅच्ड' अशी एक मेल टाकायची आणि लॅपटॉप बंद. नंतरच्याने बघून घ्यावं! इथे मात्र सिस्टरचा चांगुलपणा तिच्यासोबत घरी गेला नाही. तो एका ओळीत मागे राहिला, पुढच्या पाळीसाठी. पुढची सिस्टर मुळातच प्रेमळ असो वा नसो, तिची आदल्या रात्रीची झोप झालेली असो वा नसो, आजीचा पदर आता सेफ होता.

प्रोफेशनल म्हणजे काय, असा प्रश्न कुठल्याही इंटरव्ह्यूत विचारतात. माझं उत्तर आता तयार आहे.

पंचेचाळीस हजार पाळ्या

मुंबईला परतल्यावर मी परळला गेलो होतो, वेगळ्याच कामासाठी. केईएमवरून बस गेली आणि एकदम अरुणा शानभाग आठवली. आपल्यापैकी बहुतेकांना ती कोर्टाच्या निकालामुळे माहीत आहे. पण आजीजवळच्या त्या चार रात्रींनंतर मी ती गोष्ट वेगळ्या बाजूने पाहायला लागलो.

अरुणा केईएममध्ये नर्स होती. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी हॉस्पिटलमधल्याच एका सफाई कामगाराने तिच्यावर हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला, लैंगिक अत्याचार केला. मेंदूला रक्तपुरवठा थांबला आणि ती पुन्हा कधीच उठली नाही. १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने ती गेली. मधली एक्केचाळीस वर्षं आणि साडेपाच महिने ती केईएमच्या वॉर्डातच होती, आणि तिला सांभाळलं ते नर्सेसनी. भरवणं, अंग पुसणं, कूस बदलणं. इतकी वर्षं अंथरुणाला खिळूनही तिला बेडसोर झाला नाही, ही गोष्ट सुप्रीम कोर्टासमोरही मांडली गेली. ज्यांच्या घरी कुणी वर्षभर जरी अंथरुणावर असेल, त्यांना विचारा याचा अर्थ काय ते.

मी हिशोब मांडून पाहिला. दिवसाला तीन पाळ्या धरल्या तर या काळात पंचेचाळीस हजारांहून जास्त पाळ्या होतात. म्हणजे पंचेचाळीस हजार वेळा कुणीतरी कुणालातरी अरुणा सोपवली. १९७३ मध्ये तिच्यासोबत काम केलेल्या मैत्रिणी केव्हाच रिटायर झाल्या. शेवटी शेवटी तिची कूस बदलणाऱ्या कितीतरी मुली हल्ल्याच्या वेळी जन्मालाही आल्या नव्हत्या. त्यांनी अरुणाला कधी हसताना, चालताना, युनिफॉर्ममध्ये पाहिलेलं नव्हतं. तरी तिला मासे आवडतात हे त्यांना माहीत होतं. कुणी सांगितलं? आधीच्या पाळीने.

आणि हे सगळं गुडी-गुडी नव्हतं बरं का. हल्ल्यानंतर केईएमच्या नर्सेसनी सुरक्षिततेसाठी संप केला होता. पुढे ऐंशीच्या दशकात पालिकेने अरुणाला तिथून हलवायचा घाट घातला, तेव्हाही त्या भांडल्या आणि तो बेत हाणून पाडला. पेशंटची बाजू घेऊन मॅनेजमेंटशी भांडणं, हाही नर्सिंगचाच भाग.

पण इथेच एक काटा आहे, आणि तो लपवून चालणार नाही. अरुणाला सन्मानाने जाऊ द्यावं म्हणून पत्रकार पिंकी विराणी सुप्रीम कोर्टात गेल्या. ७ मार्च २०११ ला कोर्टाने अरुणापुरती ती मागणी फेटाळली. तिच्या वतीने बोलायचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा, असं म्हटलं, आणि त्याच निकालात काही अटींवर उपचार थांबवण्याचा मार्ग देशात पहिल्यांदा मोकळा केला. केईएमच्या नर्सेसनी त्या दिवशी मिठाई वाटली. त्यांचं प्रेम खरं होतं. विराणींची कळकळही खरी होती. फक्त अरुणाला काय हवं होतं, हे कुणालाच कधी कळणार नव्हतं. तिला विचारायची वेळ १९७३ मध्येच निघून गेली होती.

माझी आजी सुदैवी. तिला विचारता येत होतं. तरीही आम्ही विचारलं नाही!

आम्हाला दिवा आवडतो, वही नाही

नर्स म्हटलं की आपल्याला काय आठवतं? फ्लॉरेन्स नाइटिंगेल, हातात दिवा. क्रिमियाच्या युद्धातल्या जखमी सैनिकांमधून रात्री फिरणारी. १२ मे हा तिचा जन्मदिवस म्हणून आपण परिचारिका दिन साजरा करतो. पण याच बाईने मृत्यूंचे आकडे गोळा केले, आलेख काढले आणि सैनिक जखमांपेक्षा घाणीने आणि रोगराईने जास्त मरतायत हे सरकारच्या तोंडावर सिद्ध केलं. तिच्या दुसऱ्या हातातल्या वहीचं चित्र मात्र कुणी भिंतीवर लावत नाही.

आपल्याकडे तर आणखी गंमत. परक्याचं अंग पुसायचं, परक्याची घाण काढायची, म्हणून हे काम वर्षानुवर्षं हलकं मानलं गेलं. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं आणि तिथल्या बायकांना नर्सिंग शिकायला ससून हॉस्पिटलमध्ये पाठवायला सुरुवात केली, तेव्हा समाजाने नाकं मुरडलीच. आज नाकं मुरडत नाही आपण. आज 'देवदूत' म्हणतो. पण खरं सांगू? देवदूत म्हणण्यात एक मोठी सोय आहे. देवदूताला पगार लागत नाही, झोप लागत नाही, आणि बाराव्या मिनिटाला आला तर त्याच्यावर ओरडताही येतं.

सिनेमात शोभेल असं काही घडलं की आपण टाळ्या वाजवतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा हॉस्पिटलमध्ये अतिरेकी शिरले, तेव्हा नाइट ड्युटीवरच्या अंजली कुलथे यांनी वीस गरोदर बायकांना आत हलवून दारं बंद केली. पुढे कोर्टात कसाबला ओळखलंही. सलामच! २२ मार्च २०२० ला आपण थाळ्याही वाजवल्या. पण पहाटे चार वाजता चार्ट वाचणाऱ्या बाईसाठी कोण थाळी वाजवणार?

थाळी राहू दे, माणसं तरी पुरेशी द्या. इंडियन नर्सिंग कौन्सिलचे निकष सांगतात की मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात तीन पेशंटमागे एक नर्स हवी, साध्या रुग्णालयात पाचांमागे एक, आणि आयसीयूत एकाला एक. आमच्या मजल्यावर त्या रात्री अठरा पेशंट होते आणि सिस्टर दोन. आता तुम्हीच गणित करा. दर दोन तासांनी कूस बदलायची असलेले त्यातले सहा जरी धरले, तरी आजीजवळ पडदा ओढून बसायला लागलेली ती दहा मिनिटं आली कुठून? कुणाच्या तरी बेलमधून आली. माझ्यासारखा कुणीतरी कुठेतरी वैतागला असणार. पेशंटला केंद्रस्थानी ठेवा, असं ब्रोशरमध्ये छापायला काही लागत नाही. ठेवायला वेळ लागतो, आणि वेळ म्हणजे माणसं, आणि माणसं म्हणजे पगार.

पगाराचं म्हणाल तर सुप्रीम कोर्टाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने एक समिती नेमली. समितीने सांगितलं की दोनशेपेक्षा जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयातल्या नर्सला सरकारी नर्सइतका पगार द्या, आणि अगदी पन्नासपेक्षा कमी खाटा असल्या तरी महिना वीस हजारांपेक्षा कमी देऊ नका. तुमच्या ओळखीत एखादी छोट्या हॉस्पिटलात काम करणारी सिस्टर असेल तर तिला आज विचारून बघा, किती मिळतात. मी विचारलं. उत्तर छापू नका म्हणाली.

आणि हो, त्यांना नीट पदंही आहेत. सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्सला अधिपरिचारिका म्हणतात, वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरना परिसेविका, मेट्रनला अधिसेविका. 'ओ सिस्टर, जरा इकडे' एवढंच त्यांचं नाव नाही. जीएनएमची तीन वर्षं किंवा बीएस्सीची चार वर्षं घासून, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन घेऊन त्या तिथं उभ्या असतात.

तुमचं माणूस ॲडमिट असेल तर...

आज ना उद्या ही वेळ प्रत्येकावर येणार. आई-बाबांच्या गुडघ्यांचे एक्स-रे बघता लवकरच! तेव्हा अनुभवातून आलेल्या चार टिप्स. फुकट.

* सोबतीला कोण हवं, हे आधी पेशंटला विचारा. धावपळ करायला पोरगा बरा असेल, पण बेडपॅनच्या वेळी कोण बरं, हा प्रश्न वेगळा आहे.

* ॲडमिट करताना सिस्टरना पेशंटच्या तीन सवयी सांगा. ऐकायला कमी येतं का, कुठल्या कुशीवर झोपतात, कशाची लाज किंवा भीती वाटते. हे कुठल्याच रिपोर्टमध्ये येत नाही.

* तो चार्ट वाचा. समजला नाही तर विचारा, पण हँडओव्हर चालू असताना मध्ये तोंड घालू नका.

* हॉस्पिटलमध्ये 'रुग्ण हक्क सनद' शोधा. महाराष्ट्रात २०२१ पासून खासगी रुग्णालयांनी ती दिसेल अशी लावायला हवी. खासगीपणा आणि सन्मान हे त्यातले हक्क आहेत, कुणाचे उपकार नाहीत. आमच्या हॉस्पिटलात ती लिफ्टशेजारी, कुंडीच्या मागे होती.

आणि एक पाचवी, जरा जड. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने 'लिव्हिंग विल'ला मान्यता दिली, २०२३ मध्ये त्याचे नियम सोपे केले. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे तुम्ही आजच लिहून ठेवू शकता की उद्या बोलता येईनासं झालं तर मला काय हवं, काय नको, आणि माझ्या वतीने कोण बोलेल. तिशीच्या आत हा विषय काढला की मित्र म्हणतात, पार्टीचा मूड घालवलास. अरुणा शानभाग त्या संध्याकाळी पंचवीस वर्षांची होती.

खाट कुठे ठेवायची?

नवव्या दिवशी आजीला डिस्चार्ज मिळाला. निघताना मी त्या सिस्टरना शोधलं. त्यांची नाइट संपत होती. सॉरी म्हणालो. बेलबद्दल. त्यांना आठवेना! "रोज होतं हो," म्हणाल्या, आणि आजीकडे वळून, "आजी, घरी पाणी प्यायचं बरं का." आजीने त्यांचा हात धरून ठेवला आणि म्हणाली, "बागेतली द्राक्षं धाडते बाई तुला." मामाने दुसऱ्याच दिवशी दोन पेट्या पोचवल्या. एक मजल्यावरच्या सिस्टरना, एक मामा-मावशींना.

विंचूरला पोचलो तर घरात जय्यत तयारी. मागच्या खोलीत खाट, नवी गादी, डोक्यावर पंखा, टेबलावर औषधं ओळीने लावलेली. शांत खोली. गाड्यांचा आवाज नाही, पोरांचा दंगा नाही. मामी मोठ्या हौसेने दाखवत होती. आजी व्हीलचेअरवर गप्प.

मी विचारलं, "आजी, तुला खाट कुठे हवीय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आजीने क्षणभर अंदाज घेतला, खरंच विचारतोय की नुसतं. मग बोट दाखवलं. ओसरीवर. दारासमोर. जिथून रस्ता दिसतो, कांद्याचे ट्रॅक्टर दिसतात, कोण कुणाकडे चाललंय ते दिसतं, आणि आल्या-गेल्याला हाक मारता येते.

खाट हलवायला चौघं लागले. मामा म्हणाला, "आधी नाही का सांगायचं, आई?"

आजी पदर सारखा करत म्हणाली, "आधी कुणी इचारलं?"